जुनं क्विल्टिंग मशीन आणि फ्रेम घरी आणताना

माझं पहिलं लाँगआर्म, म्हणजे फ्रेमवर सरकणारं लांब हाताचं क्विल्टिंग मशीन, मी जुनं घेतलं, तेव्हा सगळं लक्ष मशीनवर होतं. टाका बघितला, आवाज ऐकला, रंग कुठे उडालाय का तेही बघितलं. फ्रेमकडे मात्र जेमतेम दोन मिनिटं पाहिलं. लोखंडी नळ्या आणि चार पाय, त्यात बिघडणार काय? घरी आणून जोडली आणि पुढचे सहा महिने प्रत्येक गोधडीच्या मधोमध झोळ येत राहिला. मी दोऱ्याच्या टेन्शनचा (ताणाचा) स्क्रू पिळतेय, सुया बदलतेय, दोऱ्याला नावं ठेवतेय. शेवटी कळलं की एक रोलर मधोमध वाकलेला होता. मशीनची बिचाऱ्याची काही चूक नव्हती.

त्यानंतर मी दोनदा मशीन बदललं, आणि मैत्रिणींसोबत त्यांची मशीनं बघायलाही गेले. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने मांडते. क्रम शक्यतो मोडू नका, कारण पहिल्या दोन पायऱ्यांवरच बऱ्याच जाहिराती बाद होतात आणि चकरा वाचतात.

क्विल्ट म्हणा, गोधडी म्हणा, मी इथे वरचं जोडकामाचं कापड, मधली बॅटिंग (मऊ भराव) आणि खालचं अस्तर अशा तीन थरांबद्दल बोलतेय. हे तीन थर एकत्र शिवायचं काम या मशीनचं.

१. कापड हलणार की मशीन हलणार, ते ठरवा

क्विल्टिंग मशीनच्या दोन जाती. एकीत मशीन टेबलात बसवलेलं असतं, तुम्ही खुर्चीवर बसता आणि कापड दोन्ही हातांनी सुईखाली फिरवता. हँडी क्विल्टरचं ‘स्वीट सिक्स्टीन’ हे याचं ओळखीचं उदाहरण. याला जागा कमी लागते, पण तीन थर आधी पिना, कच्चा टाका किंवा स्प्रे वापरून एकमेकांना धरून ठेवावे लागतात. मोठ्या गोधडीसाठी हे काम म्हणजे अख्खी दुपार जमिनीवर गुडघ्यांवर.

दुसऱ्या जातीत कापड रोलरवर ताणून धरलेलं असतं, आणि मशीन रुळांवर पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे सरकतं. तुम्ही उभं राहून हँडल धरून जणू पेन्सिलने चित्र काढता. थर फ्रेमवरच ताणले जातात, त्यामुळे कच्चे टाके घालायची गरज उरत नाही. गॅमिल, एपीक्यूएस, इनोव्हा, बर्निना, हँडी क्विल्टर या नावांच्या जुन्या जाहिराती दिसतात त्या बहुतेक याच प्रकारच्या.

निवड करताना ‘थ्रोट’ हा शब्द सतत कानावर येईल. सुईपासून मागच्या खांबापर्यंतची मोकळी जागा म्हणजे थ्रोट. घरगुती शिलाई मशीनमध्ये ती साधारण ६ ते ८ इंच, ज्युकीच्या टीएल मालिकेसारख्या सरळ टाक्याच्या मशीनमध्ये ९ इंचांच्या आसपास, आणि लाँगआर्ममध्ये १८ ते २६ इंच किंवा त्याहून जास्त.

नवखी माणसं सगळ्यात जास्त फसतात ती इथेच. ‘फ्रेम आणि घरगुती मशीन एकत्र, स्वस्तात’ अशी जाहिरात मोहात पाडते. पण शिवून झालेला भाग कुठे जातो? थ्रोटच्या आत असलेल्या रोलरवर गुंडाळला जातो. ९० इंच लांबीची गोधडी घ्या, दाबल्यावर तिची जाडी एक अष्टमांश इंच धरा, आणि रोलरची नळी २ इंचांची. पूर्ण गुंडाळल्यावर हा गठ्ठा ४ इंचांहून जाड होतो. सात इंचांच्या थ्रोटमधून तो वजा करा, सुईभोवतीच्या फूटला (मशीनच्या पायाला) हलायला लागणारी जागा वजा करा. शेवटी हातात दोन-अडीच इंचांची पट्टी उरते. त्यात नक्षी कसली काढणार! सरळ रेघा मारा आणि कापड पुढे गुंडाळा, बस. लहान दुपटी करणार असाल तर चालून जाईल. पलंगाएवढ्या गोधड्या करायच्या असतील तर फ्रेमसाठी १६ इंचांच्या खाली जाऊ नका, असं माझं ठाम मत आहे. जागा किंवा बजेट नसेल तर छोट्या मशीनला फ्रेमवर चढवण्यापेक्षा बसून चालवायचं मशीन घ्या.

२. खोली मोजा, जिनाही मोजा

फ्रेमची लांबी आणि गोधडीची रुंदी एकच नसते. अस्तर वरच्या कापडापेक्षा प्रत्येक बाजूला ४ इंच मोठं घ्यावं लागतं, कारण कडेच्या चिमट्यांना धरायला कापड हवं. म्हणजे १०८ इंच रुंद गोधडीला ११६ इंच अस्तर. १० फुटांची फ्रेम १२० इंचांची, त्यात मशीनची स्वतःची रुंदी दोन्ही टोकांना जागा खाते. एवढी मोठी गोधडी १० फुटांत कोंबता येत नाही, १२ फूट लागतात. पण नेहमीची गोधडी रुंदीपेक्षा लांब असते, आणि अरुंद बाजू रोलरवर लावली की ८ किंवा १० फुटांतही पुष्कळ काम होतं. आधी तुमच्या आजवरच्या सगळ्यात मोठ्या गोधडीची अरुंद बाजू मोजा, मग फ्रेमची लांबी शोधा.

खोलीत फ्रेमच्या पुढे उभं राहायला तीनेक फूट हवेत. कागदी नक्षीवरून लेझरचा ठिपका फिरवत शिवायचं असेल, ज्याला पँटोग्राफ म्हणतात, तर ते काम मशीनच्या मागच्या बाजूने होतं. म्हणजे मागेही माणूस मावला पाहिजे. मशीन मागे ढकललं की त्याची पाठ टेबलाबाहेर येते, हे विसरून फ्रेम भिंतीला चिकटवली तर मागची चार-पाच इंच शिवण कायमची गेली.

आणि जिना. विकणाऱ्याला विचारा की सगळ्यात लांब, न सुटणारा तुकडा किती फुटांचा आहे. काही फ्रेमच्या नळ्या जोडांनी बनलेल्या असतात, काहींचे रूळ सलग असतात. सलग बारा फुटी रूळ जिन्याच्या वळणावर अडकला की तो उभा करता येत नाही आणि आडवाही राहत नाही. मी हे बघितलंय, शेवटी तो गॅलरीतून दोरीने वर घ्यावा लागला.

३. फोनवरच अर्धं काम उरका

मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर मागून घ्या. तो घेऊन उत्पादकाला किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याला थेट विचारा की मशीन कोणत्या वर्षाचं, सुटे भाग अजून मिळतात का, विशेषतः सर्किट बोर्ड. हुक (बॉबिनभोवती फिरून टाका बांधणारा भाग), सुईदांडा, चाकं अशा यांत्रिक वस्तू कुठून ना कुठून मिळतात. बंद झालेल्या मॉडेलचा बोर्ड जळला तर मात्र उरतं ते जड लोखंड. वॉरंटी दुसऱ्या मालकाकडे जाते का तेही तिथेच विचारा. अनेकदा जात नाही, आणि विकणारे ‘वॉरंटी शिल्लक आहे’ असं खुशाल लिहितात.

मशीन परदेशातून आलेलं असेल तर व्होल्टेज विचारा. ११० ते १२० व्होल्टवर चालणारं मशीन २२० ते २४० च्या प्लगमध्ये थेट लावलं की धूरच निघणार. ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, पण तो मशीनचे वॅट झेपणारा हवा, आणि त्याचा खर्च तुमच्या हिशेबात धरा.

“ताई, इतक्या वर्षांत एकदाही दुरुस्तीला द्यावं लागलं नाही,” असं कुणी अभिमानाने सांगितलं की मी लगेच विचारते, “शेवटचं कधी चाललं?” बऱ्याचदा उत्तर येतं, तीन-चार वर्षांपूर्वी. पडून राहिलेल्या मशीनमध्ये तेल वाळून पिवळ्या डिंकासारखं होतं. रोज चालणारं, वेळेवर तेल मिळालेलं मशीन मी त्यापेक्षा कधीही आधी घेईन.

यावरून टाक्यांच्या आकड्याचं सांगते. अनेक मशीन आजवरचे एकूण टाके पडद्यावर दाखवतात. ‘एक कोटी टाके’ वाचून लोक मागे सरतात. मिनिटाला सरासरी १,००० टाके धरले तर तासाला ६०,००० होतात, म्हणजे एक कोटी टाके म्हणजे साधारण १६७ तासांची शिवण. धंद्यासाठी रोज चालवणाऱ्या माणसाला हे काही महिन्यांचं काम. आकडा ऐकून घाबरू नका, आकडा शून्याजवळ असेल तर मात्र मशीन का पडून होतं ते जरूर विचारा.

प्रत्यक्ष जाणं शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवर सिरियल नंबर दाखवायला सांगा आणि कापडावर तुमचं नाव शिवून दाखवायला सांगा. ज्याच्याकडे मशीन नाही, फक्त दुसऱ्याच्या जाहिरातीतले फोटो आहेत, तो इथे गळतो. पूर्ण पैसे आधी पाठवा, मग पाठवतो, असं म्हणणाऱ्याशी पुढे बोलूच नका.

४. सोबत काय न्यायचं

– तुमचंच तीन थरांचं ‘सँडविच’, निदान हात-दीड हात लांब, तुम्ही नेहमी वापरता त्याच बॅटिंगचं. त्यात एका कडेला जाड जोड असू द्या.
– दोन रंगांचे दोरे: वर गडद, बॉबिनला फिका. टेन्शन चुकलं की लगेच दिसतं.
– त्या मॉडेलला चालणाऱ्या नव्या सुया. लाँगआर्मच्या सुया बहुधा गोल दांड्याच्या असतात, घरगुती मशीनच्या चपट्या दांड्याच्या सुया त्यात चालत नाहीत.
– टॉर्च, मोजपट्टी, पाणसळ, बारा-पंधरा फूट मजबूत दोरा, आणि एक जुना नायलॉनचा पायमोजा. तो कशाला ते पुढे येतंय.
– वही आणि फोन. आणि शक्य असेल तर दुसरं माणूस, जे तुमच्यासारखं हुरळलेलं नाही.

५. आधी फ्रेम तपासा

मशीनला हात लावायच्या आधी फ्रेमकडे जा. मशीन एकदा सुरू झालं, सुंदर वळणं काढू लागलं की डोळे तिकडेच राहतात. माझं तेच झालं होतं.

रोलर वाकलाय का ते साध्या दोऱ्याने कळतं. रोलरच्या दोन टोकांवर दोरा ताणून धरा, एक टोक तुम्ही, एक सोबतच्या माणसाने. मधोमध दोरा आणि नळी यांच्यात फट दिसते का, की उलट नळी दोऱ्याला वर ढकलतेय, ते बघा. मग रोलर पाव फेरा फिरवा, पुन्हा बघा. असं चार वेळा. फट सगळीकडे सारखी असेल तर नळी स्वतःच्या वजनाने जराशी दबलीय, लांब फ्रेममध्ये ते चालतं. फेऱ्यागणिक फट कमी-जास्त होत असेल तर नळी वाकलेली आहे. माझी अशीच होती, आणि हे तपासायला पाच मिनिटंही लागली नसती.

जोडाच्या नळ्या असतील तर प्रत्येक जोडावरून अंगठा फिरवा. पायरी लागली नाही पाहिजे. रोलर अडकवणाऱ्या रॅचेटचे दात झिजले असतील तर कापड ताणल्यावर ‘टक’ करून एक दात मागे येतं. रोलर घट्ट करा, हाताने जोर लावून उलट फिरवून बघा.

मग रूळ आणि चाकं. मशीन कॅरेजवर, म्हणजे त्याच्या खालच्या चाकांच्या गाडीवर, असताना हँडल दोन बोटांनी धरा आणि तिरक्या रेषेत एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात न्या. मशीन लोण्यासारखं गेलं पाहिजे. दर फेऱ्याला एक ठोका जाणवत असेल तर त्या चाकाला सपाट डाग पडलाय. मशीन महिनोन्‌महिने एकाच जागी उभं राहिलं की असे डाग पडतात. चाकं बदलता येतात, तेव्हा एवढ्यावरून सौदा मोडू नका, किंमत कमी करून घ्या. रुळालाच खाच पडली असेल तर गोष्ट वेगळी. ती बोटाला लागते, आणि तिच्यावरून जाताना प्रत्येक रेषेला तिथेच हिसका बसणार.

मशीन मधोमध आणून हात सोडा. आपसूक एका बाजूला गेलं तर फ्रेम सपाट नाही. पाणसळ लावून बघा की दोष जमिनीचा आहे, पायांचा आहे की आडव्या दांड्याचा. पायांचे स्क्रू फिरवून बरोबर होत असेल तर काही हरकत नाही.

शेवटी सुटे भाग मोजा. लीडर कापडं, म्हणजे ज्यांना गोधडी जोडतात ती रोलरवरची कापडं, सगळ्या रोलरना आहेत का, फाटलेली नाहीत ना. कडेचे चिमटे किती. कॅरेज त्याच मशीनची आहे का, कारण एका कंपनीची कॅरेज दुसऱ्या मशीनला बसत नाही आणि विकणाऱ्यालाही ते माहीत नसतं.

६. आता मशीन: आधी बंद ठेवून, मग चालवून

वीज लावण्याआधी हाताचं चाक तुमच्या हाताने फिरवा. एखाद्या ठिकाणी अडलं, घासलं, तर विकणाऱ्याला विचारा. सुईदांडा बोटांनी धरून बाजूला हलवून बघा, खडखड हलला तर आतली बुशिंग झिजलीत. सुईखालची प्लेट काढून तिच्या छिद्राच्या कडा टॉर्चने बघा. सुया मोडल्याच्या खुणा तिथे बारीक ओरखड्यांच्या रूपात राहतात, आणि तोच ओरखडा पुढे दोरा कापतो.

बॉबिनची डबी काढा आणि हुक बघा. आता तो पायमोजा. त्याचा तुकडा हुकाच्या टोकावरून आणि कडेवरून अलगद ओढा. डोळ्यांना जे दिसत नाही ते नायलॉनला अडकतं, जिथे धागा ओढला गेला तिथे खरखर आहे. थोडी असेल तर कारागीर पॉलिश करून देतो. हुकाचं टोकच मोडलेलं असेल तर हुक बदलावा लागेल. त्याच कोपऱ्यात किती लिंट साचलंय, तेल ओलं आहे की वाळलेलं, हेही बघून घ्या. मालकाने मशीन कसं वापरलं ते इथे लपत नाही.

आता तुमची नवी सुई लावा. गोल दांड्याची सुई गोल फिरू शकते, त्यामुळे ती वाकडी बसणं सोपं असतं. बहुतेक लाँगआर्ममध्ये सुईच्या पाठीवरची खोबण मशीनच्या मागच्या बाजूला हवी. थोडी तिरकी झाली तरी टाके सुटतात आणि लोक टायमिंगला, म्हणजे सुई आणि हुकाच्या जुळणीला, दोष देतात.

तुमचं सँडविच फ्रेमवर ताणा, आणि विकणाऱ्याच्या तयार नमुन्यावर चालवून समाधान मानू नका. त्यांचा नमुना पातळ कापडाचा असतो, दोरा त्या मशीनच्या आवडीचा असतो. मी एकदा अशा नमुन्यावर खूश होऊन आले, आणि घरी माझ्या जाड बॅटिंगवर तेच मशीन उजवीकडून डावीकडे जाताना दर हातभरावर दोरा तोडत होतं. म्हणून आठही दिशांना शिवा: डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे आणि चारही तिरक्या. मग लहान-मोठी वर्तुळं, दोन्ही दिशांनी. एकाच दिशेला दोरा तुटत असेल किंवा टाके सुटत असतील तर हुकाचं टायमिंग किंवा कुठेतरी ओरखडा, असा संशय घ्या. टायमिंग जुळवता येतं, पण ते काम कोण करणार आणि किती जवळ आहे, ते आधी शोधून ठेवा.

कापड उलटं करून बघा. गडद दोरा खाली ठिपक्यांनी डोकावतोय? वर्तुळांच्या वळणावर पापणीच्या केसांसारखे टोकं बाहेर आलीत? टेन्शन जुळवून ते जातं का बघा. लाँगआर्मच्या बॉबिनसाठी एक सोपी चाचणी: भरलेली डबी तळहातावर ठेवा, दोरा धरून वर उचला. डबी उभी राहिली पाहिजे, पण हात सोडून लटकता कामा नये. दोरा नुसताच सुटत आला तर सैल, डबी हवेत उचलली गेली तर घट्ट. हे करूनही टाका जुळत नसेल तर डबीची पट्टी झिजलेली असू शकते. डबी स्वस्त वस्तू आहे, ती नवी घ्या.

हॉपिंग फूट सुईसोबत वर-खाली उड्या मारतो. तो खाली असताना कापडापासून किती वर आहे ते बघा. एखादं जाड व्हिजिटिंग कार्ड अलगद सरकेल इतकं अंतर बरं. फार उंच असेल तर टाके सुटतात, फार खाली असेल तर जोडावर अडकतो.

टाक्यांचा रेग्युलेटर ही लाँगआर्मची जान. मशीन किती वेगाने सरकतंय ते चाकांजवळचे दोन एन्कोडर मोजतात आणि त्या हिशेबाने सुई चालते, म्हणून तुम्ही हळू जा नाहीतर घाईत, टाका सारखा पडतो. एका इंचात १० टाके लावा. एक रेघ मुंगीच्या वेगाने, दुसरी भरभर. मोजपट्टी ठेवून दोन्हीतल्या एका इंचातले टाके मोजा, दोन्हीकडे १० च्या आसपास यायला हवेत. मग हेच डावीकडे-उजवीकडे आणि पुढे-मागे वेगवेगळं करा, कारण एक एन्कोडर कॅरेजचा असतो आणि दुसरा मशीनचा. फक्त आडव्या रेघेतले टाके लांब पडत असतील तर कॅरेजच्या एन्कोडरचं चाक रुळाला नीट टेकत नाहीये, किंवा वायर तुटत आलीये. अनेकदा वायर काढून पुन्हा घट्ट बसवली, चाकावरचे दोरे काढले की काम होतं. विकणाऱ्यालाच करायला सांगा.

एवढ्यात अर्धा तास जाईल. अजून दहा मिनिटं सलग चालवा. मोटर तापल्यावर, जळका वास किंवा ठिणग्या दिसायच्या असतील तर त्या आत्ताच दिसतील. जुन्या मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असू शकतात, ते बदलता येतात.

७. कॉम्प्युटर असेल तर

स्वयंचलित नक्षीची यंत्रणा, जशी गॅमिलची स्टॅटलर किंवा हँडी क्विल्टरची प्रो-स्टिचर, हे वेगळं मशीनच समजा. सॉफ्टवेअरचा परवाना तुमच्या नावावर होईल का, त्यासाठी उत्पादक काही आकारतात का, टॅब्लेट किंवा कॉम्प्युटर किती जुना आहे आणि त्यावर अपडेट अजून येतात का, हे लेखी विचारा. डाँगल, म्हणजे सॉफ्टवेअर चालू करणारी छोटी किल्ली, असेल तर हातात घेऊन बघा. नक्षीच्या फायली ‘फुकट देतो’ म्हणाले तर त्याला किमतीत काही धरू नका, त्या फायलींचा हक्क त्यांना विकता येतोच असं नाही. तुम्हाला हाताने शिवायचं असेल तर ही यंत्रणा नसलेलं मशीन बघा. निम्म्या कटकटी कमी.

८. कागद

पावतीवर मॉडेल, सिरियल नंबर, तारीख, रक्कम आणि सोबत मिळणाऱ्या प्रत्येक भागाची यादी. हो, प्रत्येक भाग: ‘रोलर ४, चिमटे ४, बॉबिन १२’ असं. मशीनवरचा नंबर आणि पावतीवरचा नंबर डोळ्यांनी जुळवा. मूळ खरेदीची पावती, माहितीपुस्तक आणि सर्व्हिसचे कागद असतील तर मागा. माहितीपुस्तक हरवलं असेल तर उत्पादकाच्या साइटवर ते बहुधा मिळतं. ‘उरलेला चिमट्यांचा डबा नंतर पाठवते’ यावर विश्वास ठेवू नका. माणसं खोटारडी नसतात, विसरभोळी असतात.

९. सोडवून नेणं

इथे घाई करू नका, अख्खा दिवस काढून ठेवा. काहीही सोडण्याआधी चारही बाजूंनी फोटो घ्या, वायरी कुठून कुठे जातात त्याचे जवळून. मग रंगकामाची कागदी टेप घ्या आणि प्रत्येक जोडाच्या दोन्ही बाजूंना एकच नाव लिहा: ‘डावा पाय १’, ‘मागचा रोलर उजवं टोक’. नटबोल्ट आणि वायसर झिपच्या पिशवीत, पिशवीवर तेच नाव. सगळे बोल्ट एका डब्यात टाकले की सारखे दिसणारे दोन लांबीचे बोल्ट अदलाबदल होतात, आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला की कॅरेजला घासतो.

मशीन उतरवताना सुई काढा, दोरा काढा, बॉबिन काढा. दोन माणसांनी बुडातून उचला. हँडल धरून उचलू नका, त्यात स्विच आणि वायरी असतात. गाडीत मशीन उभंच ठेवा, रजईत गुंडाळा, आणि त्याच्यावर काहीही ठेवू नका. पडदा आणि कंट्रोल बॉक्स वेगळा, मांडीवर घेतला तरी चालेल. रूळ आणि रोलर सपाट फळीवर आडवे बांधा. टपावर दोन्ही टोकं लोंबकळत नेलेले रोलर असेच वाकतात. माझ्या पहिल्या रोलरचंही तेच झालं असणार.

१०. घरी जोडताना

थंडीतून आणलं असेल तर मशीन खोलीत काही तास तसंच राहू द्या, आतलं दव सुकल्यावरच वीज लावा.

आधी फ्रेमचे पाय, मग आडवे दांडे. बोल्ट सगळे बसल्यावरच घट्ट करा. एकेक घट्ट करत गेलात तर शेवटचा जोड जुळत नाही. पाणसळ लांबीत आणि रुंदीत, दोन्ही ठिकाणी लावा. रुळांचे जोड अंगठ्याने तपासा. रूळ आणि चाकं कोरड्या कापडाने पुसा, त्यांना तेल लावू नका, तेलावर धूळ चिकटते. हुकात मात्र माहितीपुस्तक सांगेल तिथे आणि तितकंच तेल. नंतर थोडा वेळ चिंध्यांवर चालवा, पहिल्या टाक्यांवर काळं तेल उडतं.

पहिली गोधडी फ्रेमवर चढवायची घाई सगळ्यांनाच असते. दोन मीटर मांजरपाट आणि उरलीसुरली बॅटिंग लावा, आणि आठवडाभर त्यावर तुमची सही, फुलं, वर्तुळं, काहीही काढा. अस्तर फ्रेमवर लावण्याआधी त्याच्या कडा काटकोनात कापा. तिरकं अस्तर रोलरवर एका बाजूला सैल आणि एका बाजूला ताठ होतं आणि चुण्या पडतात. कापड ढोलासारखं ताणू नका, खालून बोट लावलं तर बोटाचा उंचवटा दिसेल इतपत ढिलं ठेवा.

महिन्याने पाणसळ पुन्हा लावा आणि सगळे बोल्ट एकदा फिरवून बघा, शिवणीच्या थरथरीने काही सैल झालेले असतातच. आणि ती कागदी टेप काढू नका. माझ्या फ्रेमच्या पायाला ‘डावा पाय १’ अजून चिकटलेलं आहे, अक्षर माझ्या आधीच्या मालकिणीचं.